पुजारीकाकांची ग्रॅच्युइटी आणि आपलं साधारण खातं



पर्युषण जवळ आलं की आपल्या घरांत दोन हिशेब सुरू होतात. पहिला तपाचा. कोण अठ्ठाई करणार, कोणाला एकासणंच झेपणार, कोणाच्या पारण्याला काय करायचं. दुसरा बोल्यांचा. चौदा स्वप्नांची बोली, पाळण्याची बोली, पहिल्या आरतीची बोली. आज मला तिसऱ्या एका हिशेबाबद्दल लिहायचं आहे, जो आपल्या गप्पांत येत नाही. आपण देरासरात पोचण्याआधी तासभर ज्याने दार उघडलेलं असतं, मोरपिच्छीने गाभारा झाडलेला असतं, प्रक्षालाचं पाणी गाळून ठेवलेलं असतं आणि केसर-चंदन घासून वाटी भरलेली असते, त्या माणसाच्या म्हातारपणाचा हिशेब.

लिहायचं कारण असं. आमच्या यवतमाळ जिल्ह्यातल्या एका गावच्या संघात गेली काही वर्षं हा विषय धुमसत होता आणि शेवटी तो कोर्टाच्या पायरीपर्यंत गेला. गावाचं, ट्रस्टचं, माणसांचं नाव मी लिहिणार नाही. नाव महत्त्वाचं नाहीच. तुमच्यापैकी अनेकजणींना वाचताना वाटेल की ही आमच्याच गावची गोष्ट आहे.

हकिकत

पुजारीकाका १९९० साली लागले. आपल्या समाजाचे नव्हेत, इथलेच, वऱ्हाडी बोलणारे. देवाचं सगळं त्यांनी आधीच्या पुजाऱ्याकडून शिकून घेतलं. अंगलुछणी कोणती आधी, कोणती नंतर, आंगी कशी चढवायची, बरास किती घालायचा. मी लग्न होऊन आले तेव्हा वाळाकुंची हलक्या हाताने कशी फिरवायची हे मला त्यांनीच दाखवलं होतं. एकतीस वर्षं सेवा करून मार्च २०२१ मध्ये ते थांबले. तेव्हा त्यांना महिना ११,००० रुपये मिळत होते.

निरोप समारंभ छान झाला. शाल, श्रीफळ, चांदीचा सिक्का, सगळ्यांचे डोळे ओले. काकांनी दोन दिवसांनी मुनीमजींना विचारलं, माझा हिशेब कधी होईल? उत्तर मिळालं, साधारण खात्यात आले की देऊ. पुढच्या महिन्यातही तेच. दिवाळीला तेच. मग हळूहळू उत्तरं बदलू लागली. तुम्हाला पगार कुठे होता, मानधन होतं. तुम्ही नोकर कुठे, सेवक. ही सेवा आहे, हा काही कारखाना नाही. आणि मग शेवटी, आधी देरासरामागची खोली सोडा, मग बघू.

खोली त्यांनी सोडली. दिग्रसला मुलीकडे राहायला गेले. काकूंच्या डोळ्यांचं आणि त्यांच्या स्वतःच्या गुडघ्याचं काम निघालं तेव्हा ४०,००० रुपये व्याजाने काढले. शेकडा तीनने. महिन्याला १,२०० रुपये नुसतं व्याज.

त्यांच्या मुलाने शेवटी एका वकिलांना गाठलं आणि ग्रॅच्युइटीच्या नियंत्रक प्राधिकाऱ्याकडे अर्ज केला. त्या दिवसापासून गावात एकच वाक्य फिरू लागलं, "संघाला कोर्टात खेचलं." मुलगा दर्शनाला आला तर लोक मान फिरवायचे. काकांना मी एकदा दिग्रसला भेटले तेव्हा ते म्हणाले, "वहिनी, म्या देवाले कोर्टात नाही नेलं. म्या फक्त हिशेब मागतला."

कायदा काय म्हणतो

घरी आल्यावर मी तो कायदा समजून घ्यायचा ठरवलं. आमच्या घरचे सीए आहेत, त्यांच्याकडून आणि वकिलांकडून विचारून जे कळलं ते सोप्या भाषेत मांडते. आपल्या घरच्या दुकानांना, जिनिंगला हे नियम लागू असतातच. फक्त ते देरासराच्या दारापाशी आले की आपल्याला अनोळखी वाटतात.

ग्रॅच्युइटीचा कायदा १९७२ चा. २१ नोव्हेंबर २०२५ पासून तो सामाजिक सुरक्षा संहितेत सामावला गेला आहे, पण मुख्य चौकट तीच राहिली. ज्या आस्थापनेत दहा किंवा जास्त माणसं कामाला आहेत, किंवा मागच्या बारा महिन्यांत एखाद्या दिवशी होती, तिला तो लागू होतो. एकदा लागू झाला की पुढे माणसं कमी झाली तरी सुटत नाही. पाच वर्षं सलग नोकरी झाली की हक्क तयार होतो. माणूस मध्येच गेला किंवा अपंग झाला तर पाच वर्षांची अटही नाही, आणि तो गेला तर पैसे घरच्यांना मिळतात.

हिशेब असा. शेवटचा महिन्याचा पगार भागिले २६, गुणिले १५, गुणिले नोकरीची वर्षं. सहा महिन्यांवर गेलेलं वर्ष पूर्ण धरायचं. काकांचा हिशेब तुम्ही स्वतः करून बघा. ११,००० भागिले २६, गुणिले १५, म्हणजे वर्षाचे ६,३४६ रुपये. एकतीस वर्षांचे १,९६,७३१.

हे पैसे देय झाल्यापासून तीस दिवसांत द्यायचे असतात. "त्यांनी अर्जच केला नाही" हे कारण चालत नाही. अर्ज असो वा नसो, रक्कम काढून कळवण्याची जबाबदारी कामावर ठेवणाऱ्याची आहे. उशीर झाला तर सरळ व्याज, १९७२ च्या कायद्याखाली ते वर्षाला १० टक्के ठरलेलं होतं. आदेशाविरुद्ध ट्रस्टला अपील करायचं असेल तर आधी ग्रॅच्युइटीची रक्कम जमा करावी लागते. तरीही पैसे दिले नाहीत तर जिल्हाधिकारी ते जमीन महसुलाच्या थकबाकीसारखे वसूल करू शकतात. विचार करा, आपल्या देरासराच्या नावाने महसूल खात्याची नोटीस!

"मानधन" म्हटल्याने काही बदलत नाही. दर महिन्याला ठरलेल्या कामाचे ठरलेले पैसे घेणारा माणूस कर्मचारीच ठरतो, मग त्याचं काम हाताचं असो की डोक्याचं.

देऊळ म्हणजे आस्थापना?

खरी लढाई इथे झाली. ट्रस्टच्या वकिलांचं म्हणणं होतं की देरासर ही धार्मिक जागा आहे, तिला कामगार कायदे कसे लागू होतील? आणि खरं सांगायचं तर पहिल्यांदा ऐकताना मलाही ते बरोबर वाटलं. वीतराग परमात्म्याचं मंदिर आणि शॉप अॅक्ट हे दोन शब्द एकत्र ऐकायला कसेतरीच वाटतात.

पण ट्रस्ट म्हणजे नुसता गाभारा नसतो. या ट्रस्टकडे भोजनशाळा आहे, धर्मशाळेच्या खोल्या आहेत, आयंबिलशाळा चालते. माणसं मोजली तर दोन पुजारी, मुनीमजी, दोन चौकीदार, भोजनशाळेत पाच, धर्मशाळेत तीन, एक सफाईवाल्या मावशी. चौदा झाले. महाराष्ट्राच्या दुकाने व आस्थापना कायद्यातल्या व्याख्येत सोसायट्या आणि धर्मादाय किंवा इतर ट्रस्टसुद्धा येतात, नोंदणी झालेली असो वा नसो, नफा असो वा नसो, जर ते काही व्यवसाय किंवा त्याला जोडून काम चालवत असतील. ग्रॅच्युइटीच्या कायद्यात केंद्र सरकारने पुढे अधिसूचना काढून सोसायट्या आणि ट्रस्टही जोडले होते, दहा माणसांची अट ठेवून.

असाच प्रश्न औद्योगिक विवाद कायद्याच्या बाबतीत सर्वोच्च न्यायालयापुढे १९७८ मध्ये आला होता. बंगलोर वॉटर सप्लायचा तो सात न्यायमूर्तींचा प्रसिद्ध निकाल. न्या. कृष्ण अय्यर यांनी त्यात उद्योग कशाला म्हणायचं याची कसोटी घालून दिली. निव्वळ आध्यात्मिक सेवा त्यांनी बाहेर ठेवली. पण मोठ्या प्रमाणावर प्रसाद किंवा अन्न बनवणं हे मात्र त्या कसोटीत बसू शकतं, असं उदाहरणच दिलं. तो निकाल फेरविचारासाठी २०१७ मध्ये नऊ न्यायमूर्तींच्या पीठाकडे सोपवला गेला. तरी त्यातला भेद आपल्याला घरबसल्या समजण्यासारखा आहे. देवापुढे हात जोडणं वेगळं आणि दोनशे माणसांचा स्वयंपाक रांधायला पाच बायका पगारावर ठेवणं वेगळं.

आणि आपल्या समाजाचा स्वतःचा एक निकाल आहे, जो मला या निमित्ताने पहिल्यांदा कळला. १९५० मध्ये मुंबई सार्वजनिक विश्वस्त कायदा आला, तेव्हा त्याला आव्हान देणाऱ्यांत एका जैन मंदिराचे व्यवस्थापक होते. रतिलाल पानाचंद गांधी विरुद्ध मुंबई राज्य, १९५४. सर्वोच्च न्यायालयाने दोन्ही बाजू तोलल्या. पूजा कशी करायची, विधी कोणते, हे ठरवणं त्या त्या धर्माच्या लोकांचं. धर्मादाय आयुक्तांना धार्मिक ट्रस्टचा विश्वस्त म्हणून बसवण्याची तरतूद न्यायालयाने रद्द केली. मूळ हेतू पार पाडता येत असताना त्या हेतूचा पैसा दुसरीकडे वळवणं हाही हस्तक्षेप मानला. म्हणजे देवासाठी दिलेलं देवाच्याच कामी राहावं, ही आपली भावना तिथे जपली गेली. पण संपत्तीची व्यवस्था, हिशेब, तपासणी, यांवर कायदा चालेल, हेही त्याच निकालात आलं. आता सांगा, पुजाऱ्याच्या पगाराचं रजिस्टर हे पूजाविधीत येतं की व्यवस्थेत?

देवद्रव्याला हात कसा लावायचा?

आता मी त्या बाजूकडे येते जी खोटी नाही आणि जिचा मला आदर आहे. आमचे जेठजी त्या ट्रस्टवर आहेत. सज्जन माणूस. स्वतःच्या दुकानात नोकराला एक रुपया कमी देणार नाहीत. मी विचारलं तेव्हा त्यांनी तिजोरीतल्या वह्याच समोर ठेवल्या. देवद्रव्य खात्यात भरपूर रक्कम. साधारण खात्यात त्या महिन्याचा लाइट बिल भरण्यापुरते. ते म्हणाले, "तुम्हीच सांगा, देवाच्या पैशातून मी ग्रॅच्युइटी देऊ? ते पाप कोणाच्या माथी?"

सात क्षेत्रांचा नियम आपल्याला लहानपणापासून माहीत आहे. जिनप्रतिमा, जिनमंदिर, जिनागम, साधू, साध्वी, श्रावक, श्राविका. वरच्या क्षेत्राचं द्रव्य खाली उतरत नाही. खालचं वर जाऊ शकतं. बहुतेक संघांत बोल्यांचा पैसा देवद्रव्यात जातो आणि पगार, पाणी, सफाई, चौकीदार हे सगळं साधारणातून चालतं. म्हणजे बोलीला लाखांत आकडे येतात, नाव पुकारलं जातं, ढोल वाजतो. साधारणासाठी मात्र मुनीमजी पावतीपुस्तक घेऊन घरोघर फिरतात आणि आपण दारातूनच विचारतो, किती लिहू, एकशे एक?

जेठजींची अडचण म्हणूनच खरी होती. पण ती अडचण पुजाऱ्याने निर्माण केलेली नाही. एकतीस वर्षं दर महिन्याला देणं वाढत होतं आणि कोणी ते वहीत लिहिलं नाही. आपण व्यापाऱ्याच्या घरच्या लेकी-सुना. दिवाळीला चोपडापूजन करतो. येणं आणि देणं दोन्ही न लिहिता कोणती पेढी टिकते? आमच्याच जिनिंगमध्ये सीए दरवर्षी ग्रॅच्युइटीची तरतूद करून ठेवतात. तोच सीए संघाचंही ऑडिट करतो, पण तिथे तो रकाना कोणी मागत नाही.

रक्कम तरी केवढी? पंधरा दिवसांच्या हिशेबाने वर्षाचे ६,३४६ म्हणजे काकांच्या शेवटच्या पगारावर महिना ५२९ रुपये. पगाराच्या पाच टक्क्यांच्या आत. पगार वाढला की मागच्या वर्षांचा फरक भरावा लागतो, तो वेगळा. तरी चाळीस-पन्नास घरांच्या संघाला महिना ५२९ जड असतात का? आपल्या एका साधर्मिक वात्सल्याच्या मिठाईत त्याच्या कितीतरी पट जातात.

व्रतं काय सांगतात

कायद्याने मला रकमा समजल्या, पण मनाला जे लागलं ते तत्त्वार्थसूत्रामुळे. दिगंबर-श्वेतांबर आपण सगळ्याच मानतो त्या ग्रंथात श्रावकाच्या व्रतांचे अतिचार सांगितले आहेत. प्रतिक्रमणात आपण दरवेळी अतिचार आलोचतो, पण त्यांतले काही शब्द आपल्या जिभेवरून घसरून जातात.

अहिंसा अणुव्रताचे पाच अतिचार. बंध, वध, छविच्छेद, अतिभारारोपण आणि शेवटचा अन्नपाननिरोध. आपल्यावर अवलंबून असलेल्याचं खाणंपिणं अडवणं. आपण तो शब्द बैल-गाईंपुरता समजतो. पण ज्याने आयुष्य आपल्या देरासरात घालवलं आणि आता ज्याचे हात केसर घासू शकत नाहीत, त्याचे हक्काचे पैसे अडवणं म्हणजे दुसरं काय?

सत्य अणुव्रताचे अतिचार. त्यात न्यासापहार आहे. कोणी विश्वासाने ठेवलेली ठेव नाकारणं किंवा कमी देणं. ग्रॅच्युइटी ही मला अगदी तशी ठेव वाटते. दर महिन्याला माणूस आपल्या कामातला थोडा भाग आपल्याकडे ठेवतो आणि थकल्यावर मागतो. तेव्हा आपण म्हणतो, कसली ठेव? त्याच यादीत कूटलेखक्रिया आहे, खोटा लेख करणं. पगाराला मानधन लिहिणं, चौदाऐवजी नऊ माणसं दाखवणं, "पूर्ण हिशेब पावला" अशा कोऱ्या पावतीवर सही घेणं, हे त्यात येत नाही का, तुम्हीच ठरवा.

सगळ्यात महत्त्वाचं, हे दान नाही. शाल आणि सिक्का हे दान किंवा बहुमान. ते द्यायचं की नाही हे आपल्या भावावर. ग्रॅच्युइटी म्हणजे कर्ज, ते आपल्या भावावर सोडलेलं नाही. सर्वोच्च न्यायालयानेही हेच सांगितलं आहे, सरकारी नोकरांच्या खटल्यांत. केरळ सरकार विरुद्ध पद्मनाभन नायर हा डिसेंबर १९८४ चा निकाल. नायर मे १९७३ मध्ये निवृत्त झाले आणि एका दाखल्यापायी त्यांचे पैसे ऑगस्ट १९७५ पर्यंत अडकले. न्यायालयाने म्हटलं की पेन्शन आणि ग्रॅच्युइटी ही आता मेहेरबानी राहिलेली नाही, तो हक्क आहे आणि ती मालमत्ता आहे. दोषी उशिराला व्याजाचा दंड लागलाच पाहिजे. २००३ मध्ये कर्नाटकातल्या एका महामंडळाच्या कर्मचाऱ्याच्या खटल्यात, गंगहनुमे गौडा यांच्या, ग्रॅच्युइटी कायद्याखालचं व्याज देणं बंधनकारक आहे, मर्जीचं नाही, हेही स्पष्ट झालं.

तारखा आणि म्हातारपण

कोर्टाच्या तारखा म्हणजे काय हे आपल्या भागातल्या जैनांना कोणी शिकवायला नको. शेजारच्या वाशिम जिल्ह्यातलं शिरपूर आपल्या सगळ्यांच्या मनात आहे. अंतरिक्ष पार्श्वनाथांचा वाद १९२९ मध्ये लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलपर्यंत गेला होता. १९८१ पासून दार बंद राहिलं आणि सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानंतर २०२३ मध्ये उघडलं. कोण बरोबर, कोण चूक, यात मी इथे जाणार नाही. एवढंच सांगते की देव वाट बघू शकतो. दोन्हीकडचे संघही वाट बघू शकतात, पिढ्यान्‌पिढ्या. सत्तरीला आलेला पुजारी बघू शकत नाही.

काकांचे पैसे साडेतीन वर्षांनी मिळाले. मुद्दल १,९६,७३१ आणि सरळ व्याजाचे सुमारे ६९,०००. ऐकायला बरं वाटतं ना? पण त्याच साडेतीन वर्षांत, म्हणजे बेचाळीस महिन्यांत, त्यांनी शेकडा तीनच्या त्या ४०,००० वर ५०,४०० रुपये व्याज भरलं होतं. मुद्दल तसंच उभं. वर वकिलांची फी, दिग्रसहून तारखांना जायचं एसटीचं भाडं. कायद्याने दिलेलं व्याज सावकाराच्या घरून फिरून गेलं.

आणि आपल्या बाजूला काय झालं? मुद्दल द्यावंच लागलं. वर ६९,००० चं व्याज आणि वकिलांची फी. हे सगळं कुठून गेलं? साधारण खात्यातूनच. त्यासाठी पुन्हा घरोघर पावतीपुस्तक फिरलं. वेळेवर दिलं असतं तर एवढा जास्तीचा बोजा त्या रिकाम्या खात्यावर पडलाच नसता.

आपल्या हातात काय आहे

ट्रस्टमध्ये बहुतेक पुरुषच बसतात, हे खरं. पण साधारण खातं भरतं ते आपल्या हातून. आमच्या महिला मंडळाने या वर्षी काही गोष्टी ठरवल्या. त्या तुमच्या गावीही करता येतील म्हणून लिहिते.

पहिली, साधारणाला मान द्यायचा. आम्ही बारमाही तिथीची योजना सुरू केली. वर्षाच्या ३६५ तिथी घराघरांत वाटायच्या. वाढदिवस, लग्नाचा दिवस, सासू-सासऱ्यांची पुण्यतिथी. त्या दिवशी त्या घराचं नाव फळ्यावर आणि पैसे थेट साधारणात. बोलीला जसा ढोल वाजतो तसं इथे किमान नाव तरी वाचलं जातं. अनेक संघांत ही पद्धत आधीपासून आहेच, आम्ही फक्त तिला नेटाने धरलं.

दुसरी, सेवकांसाठी साधारणातच वेगळा पोटहिशेब. दर महिन्याला सगळ्यांच्या पगाराच्या पाच टक्के बाजूला. एलआयसीची सामूहिक ग्रॅच्युइटी योजना ट्रस्टलाही घेता येते. मग पैसे कोणाच्या मर्जीवर राहत नाहीत. वीस किंवा जास्त माणसं असतील तर भविष्य निर्वाह निधीचंही विचारून घ्या.

तिसरी, वार्षिक सभेत एक प्रश्न. ऑडिटचा अहवाल वाचला जातो तेव्हा कोणीतरी उठून विचारायचं, सेवकांचं देणं किती झालं, ते ताळेबंदात कुठे आहे? भांडण नको, आरडाओरडा नको. यंदा आमच्या सभेत हा प्रश्न एका सत्तर वर्षांच्या काकूंनी विचारला. सगळे गप्प झाले आणि मग उत्तर सापडलं.

चौथी, प्रत्येक सेवकाला नेमणुकीचं पत्र आणि पगाराची पावती. त्याच्या बायकोचं किंवा मुलांचं वारस म्हणून नाव लिहून घेतलेला फॉर्म. पुजारीकाकूंना ते कागद म्हणजे काय हेच माहीत नव्हतं. उद्या काका मध्येच गेले असते तर त्या कोणाच्या दारात उभ्या राहिल्या असत्या?

तुमच्यापैकी कोणी म्हणेल, आमच्या देरासरात दोनच माणसं आहेत, दहा नाहीत, मग आम्हाला कायदा लागूच नाही. बरोबर आहे. यवतमाळ जिल्ह्यातल्या कितीतरी लहान गावांत एक पुजारी आणि एक झाडू मारणाऱ्या मावशी, एवढाच संघाचा संसार असतो. कायद्याचं काम दहावर सुरू होतं. पण अन्नपाननिरोधाच्या अतिचारात दहाची अट कुठे आहे? न्यासापहार दोन माणसांचा झाला तर तो लहान होतो का? जिथे कायदा थांबतो तिथे श्रावकाचं व्रत सुरूच असतं. उलट, तिथेच ते खरं श्रावकाचं, कारण तिथे कोणी नोटीस पाठवणार नसतं.

जेठजींनी या वर्षीच्या ताळेबंदात स्वतःच्या हाताने नवा रकाना काढला. सेवक निवृत्ती देणी. उरलेल्या तेरा माणसांची वर्षं आणि पगार मांडून रक्कम लिहिली. आकडा मोठा आला, तो एका वर्षात भरणार नाही. पण तो आता वहीत आहे, आणि आपल्या घरात वहीत लिहिलेलं देणं बुडवत नाहीत.

म्हणून या पर्युषणात स्वप्नं उतरतील, बोल्या लागतील, तेव्हा जरूर बोला. मनापासून बोला. फक्त घरी जाताना मुनीमजींच्या टेबलापाशी दोन मिनिटं थांबा आणि साधारणाची पावती फाडा. आणि विचारा, आपल्या पुजाऱ्यांची किती वर्षं झाली?